'इतर धर्म' या कप्प्यातली पुस्तकं

आमच्या भागातल्या एका सार्वजनिक वाचनालयात 1986 साली मी पहिल्यांदा नाव नोंदवलं, तेव्हा सोळा वर्षांचा होतो. आत शिरल्यावर डाव्या हाताला कादंबऱ्या, समोर चरित्रं आणि मागच्या भिंतीला 'धर्म' अशी चिठ्ठी लावलेलं मोठं कपाट. त्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर वेगळी चिठ्ठी होती : 'इतर धर्म'. तिथे बायबलच्या दोन प्रती, बुद्धचरित्र, जैन धर्मावरची एक पुस्तिका आणि इस्लामवरची चार पुस्तकं होती. माझा धर्म वाचायचा तर मला गुडघ्यावर बसावं लागत होतं.

यात ग्रंथपालाचा काही दोष नव्हता. पुढे कळलं की जगभरच्या ग्रंथालयांत चालणारी मेल्विल ड्यूई यांची 1876 ची दशांश पद्धतसुद्धा असंच करते. धर्माच्या 200 या वर्गातले 220 ते 280 हे बहुतेक सगळे आकडे ख्रिस्ती धर्माला, आणि उरलेलं जग 290 मध्ये, 'इतर' म्हणून. तिथे हिंदू धर्मही 'इतर'च आहे, 294 च्या पोटात, इस्लाम 297. म्हणजे 'इतर' कोण हे कपाट कुणी लावलं त्यावर ठरतं. हे ध्यानात आल्यावर माझा राग गेला आणि उत्सुकता वाढली. मराठीत इस्लामवरची पुस्तकं कुणी लिहिली, कधी लिहिली आणि मुख्य म्हणजे कुणासाठी लिहिली, याचा गेली पंचवीस-तीस वर्षं मी जमेल तसा माग काढतो आहे. कुठल्या विद्यापीठाची पदवी त्यामागे नाही. नांदेड-देगलूर रस्त्यावरच्या गावात राहणाऱ्या, मराठीत वाचणाऱ्या एका मुसलमानाला स्वतःचा धर्म पुस्तकांतून कसा भेटत गेला, एवढाच या लेखाचा विषय आहे.

कानानं आलेला धर्म

पुस्तकांच्या आधी धर्म कानानं आला. घरात आम्ही दखनी बोलतो. 'नको', 'हल्लू', 'काय कू' असल्या शब्दांची ती भाषा लखनौच्या माणसाला उर्दू वाटत नाही आणि पुण्याच्या माणसाला मराठी वाटत नाही. अम्मी पहाटे कुरआन पठण करायची. रेहलीवर जुजदानातून काढलेली प्रत, बोट ओळीखाली, उच्चार स्वच्छ. अरबी अक्षरं तिला येत होती, अर्थ येत नव्हता. मी एकदा विचारलं, "अम्मी, इसका मतलब क्या?" ती म्हणाली, "अल्ला का कलाम है, मतलब उसकू मालूम." तिच्या उत्तरात मला कधी कमीपणा वाटला नाही, आजही वाटत नाही.

उरलेलं शिक्षण जुम्याच्या खुतब्यातून, मोहरमच्या सवाऱ्यांतून आणि कंधारच्या हाजी सय्याह यांच्या उरुसातून झालं. दख्खनमधल्या सूफींना माणसांच्या कानाचं महत्त्व चांगलं ठाऊक होतं. विजापूरच्या सूफींवर रिचर्ड ईटन यांनी 1978 साली जो ग्रंथ लिहिला, त्यात बायकांनी दळताना म्हणायच्या 'चक्कीनामा' आणि सूत कातताना म्हणायच्या 'चरखानामा' या दखनी रचनांकडे त्यांनी लक्ष वेधलं. जात्याचा दांडा, खुंटी, पीठ यांतून अल्लाचं नाव समजावणारी ती गाणी. आपल्याकडच्या ओवीची ती सख्खी चुलत बहीण. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईपर्यंत धर्म पोचला तो असा.

मराठीत मुसलमान लिहीत नव्हते, असं मात्र नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' 1645 सालचा. शहागडला ज्यांची समाधी आहे त्या शहामुनींचा 'सिद्धांतबोध', बहमनी घराण्याशी नातं सांगणाऱ्या मृत्युंजय ऊर्फ शहा मुंतोजींच्या रचना, ही परंपरा मोठी आहे. रा. चिं. ढेरे आणि यू. म. पठाण या संशोधकांनी ती उजेडात आणली. पण या संतांच्या ग्रंथांचा विषय प्रामुख्यानं योग, वेदान्त, भक्ती हा आहे. मुसलमान घरात जन्मलेल्या माणसानं मराठीत इस्लाम सांगावा, अशी गरज तेव्हा कुणाला वाटलेली दिसत नाही. इस्लामसाठी अरबी, फारसी आणि दखनी होत्या. मराठी होती ती शेजाऱ्याबरोबर मिळून देव शोधण्यासाठी. मला ही वाटणी सुंदर वाटते. पण तिचा एक परिणाम असा झाला की, पुढे मराठी हीच ज्यांची वाचनाची एकमेव भाषा उरली, त्यांच्यासाठी फळी रिकामी होती.

हैदराबाद : जगाला दिलं, मराठीला नाही

नांदेड 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. त्या राज्यानं इस्लामवरच्या वाचनात जी भर घातली ती साधी नाही. इंग्रज कादंबरीकार मार्माड्यूक पिक्थॉल 1917 साली मुसलमान झाले. 1925 साली ते हैदराबादला चादरघाट हायस्कूलचे प्राचार्य म्हणून आले. 1927 पासून त्यांनी 'इस्लामिक कल्चर' हे त्रैमासिक संपादित केलं आणि निजाम सरकारनं दिलेल्या दोन वर्षांच्या भरपगारी रजेत कुरआनचा इंग्रजी अनुवाद पुरा केला. तो 1930 साली प्रसिद्ध झाला आणि आजही जगभर वाचला जातो.

दुसरं नाव तर मराठवाड्याच्या मातीतलंच. जमात-ए-इस्लामीचे संस्थापक अबुल आला मौदुदी यांचा जन्म 25 सप्टेंबर 1903 चा, औरंगाबादचा. त्यांचं 'रिसाला-ए-दीनियात' हे इस्लामची तोंडओळख करून देणारं पुस्तक 1932 सालचं, हैदराबादच्या वास्तव्यातलं. पुढे ते पंजाबात गेले, 1941 साली लाहोरला त्यांनी जमात स्थापन केली आणि कैरोपासून जाकार्तापर्यंत त्यांचे वाचक झाले. त्यांच्या राजकीय विचारांशी माझं जमत नाही. धर्माचं राज्य व्हावं ही कल्पनाच मला पटत नाही. तरी विसाव्या शतकात इस्लामवर सर्वाधिक वाचल्या गेलेल्या लेखकांपैकी एक औरंगाबादच्या गल्लीत वाढला, ही गोष्ट आपण मराठवाड्यातली माणसं सहसा सांगत नाही.

म्हणजे एकाच राज्यातून इंग्रजी कुरआन निघाला आणि उर्दू धर्मवाङ्मयाचा पूर वाहिला. मराठी बोलणारे लाखो लोक त्याच राज्यात होते. पण राज्यकारभार उर्दूत, उस्मानिया विद्यापीठ उर्दूत. शिकला-सवरलेला मुसलमान म्हणजे उर्दू वाचणारा, हे गृहीतच होतं. त्याच्यासाठी कुणी मराठीत कशाला लिहील?

लिपी तुटली

माझे दादा तहसील कचेरीत मोहरीर होते. त्यांचं सगळं लिहिणं-वाचणं उर्दूत. सप्टेंबर 1948 च्या पोलीस ॲक्शननंतर निजामाची राजवट संपली. रझाकारांनी आधी जे केलं त्याच्या आठवणी आमच्या भागातल्या गावोगावी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. ॲक्शननंतर मुसलमानांवर जे गुदरलं तेही खरं आहे. केंद्र सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीनं एकूण 27,000 ते 40,000 माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदरबरोबर नांदेडचं नाव घेतलं. तो अहवाल कित्येक दशकं दडून राहिला. आमच्या घरात त्या दिवसांबद्दल कुणी बोलत नसे. दादा एवढंच म्हणत, "वो जमाना गया."

जमान्याबरोबर लिपीही गेली. अब्बा पन्नासच्या दशकात मराठी शाळेत बसले. शिंपीकामाचे हिशेब ते देवनागरीत लिहीत. दादांची पत्र्याची पेटी माळ्यावर गेली. त्यात काय आहे हे अब्बांना वाचता येत नव्हतं आणि मला तर नाहीच. दोन पिढ्यांत एक घर आपल्याच पुस्तकांपुढे निरक्षर झालं. मराठवाड्यातल्या किती मुसलमान घरांत असं झालं असेल, याची नोंद कुठे नाही. लहानपणापासून मी मनाशी धरून बसलो होतो की, आमचा वाचलेला, समजून घेतलेला धर्म त्या पेटीत बंद आहे आणि आमच्या वाट्याला नुसती सालपटं आली आहेत.

पाहुण्यांनी लिहिलेली पुस्तकं

खालच्या फळीवरची पुस्तकं मी वाचायला घेतली ती या मनःस्थितीत. बाहेर वर्तमानपत्रांत शाहबानो खटल्याचा धुरळा होता. वर्गातली मुलं विचारत, "तुमच्यात असंच लिहिलंय का रे?" मला ठाऊक नव्हतं. उत्तर शोधायचं तर मराठीतच शोधावं लागणार होतं.

पहिलं हाती आलं साने गुरुजींचं 'इस्लामी संस्कृती'. गुरुजी 1950 साली गेले, पुस्तक त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालं. पैगंबरांचं पोरकेपण, त्यांची गरिबी, त्यांचं क्षमा करणं हे गुरुजींनी 'श्यामची आई'च्याच ओल्या हातानं लिहिलं आहे. अम्मीला मी त्यातला काही भाग दखनीत करून सांगितला. ती रडली. लिहिणारा कोण म्हणून तिनं विचारलं. मी सांगितलं, एक ब्राह्मण मास्तर. ती म्हणाली, "अच्छा आदमी होगा."

मग निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी भेटले. 1910 सालचा जन्म, निजामाच्या महसूल खात्यात नोकरी. उर्दू, फारसी, अरबी येणारा आणि गोंडी, कोलामीसुद्धा शिकलेला माणूस. त्यांचं 'सूफी संप्रदाय' वाचलं तेव्हा कंधारच्या दर्ग्यात मी लहानपणापासून जे पाहत होतो, त्यालाही इतिहास असतो, सिलसिले असतात, हे कळलं. पगडी मूळ साधनं वाचून लिहीत. ज्या भाषा मला माझ्या म्हणून मिळायला हव्या होत्या, त्या त्यांनी कमावल्या होत्या. मला त्यांचा हेवा वाटला आणि थोडी शरमही.

विनोबा त्याही पुढे गेले. तुरुंगांत आणि आश्रमात अरबी शिकून, पठणाचे नियम सांभाळून त्यांनी वर्षानुवर्षं कुरआन वाचला आणि 1962 साली त्यातून विषयवार निवड करून सार काढलं. पुस्तक लोकांच्या हाती पडण्याआधीच कराचीच्या 'डॉन'नं त्यावर टीका केली. ईश्वराच्या वाणीतून निवड करणारे तुम्ही कोण, हा आक्षेप मी समजू शकतो. पण मला त्या निवडीनं पहिल्यांदा दाखवलं की अम्मी पहाटे जे म्हणते त्यात अनाथ, मजूर, कर्जदार, शेजारी यांच्याविषयी इतकं काही आहे.

या तिघांचं ऋण माझ्यावर मोठं आहे. तरी वाचताना एक गोष्ट सलत असे. ही पुस्तकं माझ्याशी बोलत नव्हती. ती हिंदू वाचकाला सांगत होती : हे पाहा, तुमचा शेजारी वाईट नाही, त्याच्या घरातही मोठं धन आहे. 'आपण' हा शब्द आला की त्यात मी नसे. 'ते' आला की मी असे. दुसऱ्याच्या खांद्यावरून स्वतःबद्दलचं पत्र वाचावं तसं ते वाचन होतं. पत्र प्रेमाचं होतं, पण पत्ता दुसऱ्याचा होता.

नांदेडचे मास्तर आणि चिपळूणचा बंडखोर

नरहर कुरुंदकर 10 फेब्रुवारी 1982 ला गेले. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा. पीपल्स कॉलेजचे प्राचार्य गेले म्हणून नांदेड हळहळलं, एवढंच आठवतं. त्यांचं 'जागर' मी विसाव्या वर्षी वाचलं. गुरुजी आणि विनोबांच्या मायेनंतर हा थंड पाण्याचा तांब्या होता. इस्लामची राज्यकल्पना, धर्मनिरपेक्षता, मुसलमान समाजाचं नेतृत्व यांवर कुरुंदकर कुठलाही गुळमुळीतपणा न ठेवता लिहितात. ते निजामाच्या राज्यात वाढले होते, विद्यार्थीदशेत हैदराबाद मुक्तिसंग्रामात होते. धर्म आणि सत्ता एकत्र आल्यावर काय होतं हे त्यांनी पुस्तकात वाचलं नव्हतं, पाहिलं होतं. मला राग आला. आठ दिवस पुस्तक उघडलं नाही. मग पुन्हा घेतलं, कारण त्यांच्या लिहिण्यात मुसलमानाला लहान मूल समजणं नव्हतं. ते हिंदू परंपरेलाही त्याच कठोरपणे तपासतात. वाद घालण्याच्या लायकीचा मानणं हाही एक आदर असतो, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

कुरुंदकरांमुळे हमीद दलवाईंकडे गेलो. दोघं एकाच वर्षीचे, 1932 चे. कुरुंदकर जुलैचे, दलवाई सप्टेंबरचे. दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. 18 एप्रिल 1966 रोजी सात मुसलमान बायकांना घेऊन त्यांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, तोंडी तलाकविरुद्ध. 22 मार्च 1970 ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. 1977 साली ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार कुठल्याही धार्मिक विधीविना विद्युतदाहिनीत त्यांचा अंत्यसंस्कार झाला. त्या सात बायकांनी जे मागितलं ते सर्वोच्च न्यायालयाच्या 22 ऑगस्ट 2017 च्या निकालानं काही अंशी मिळालं. मध्ये एकावन्न वर्षं गेली.

दलवाईंच्या तलाकविषयीच्या मागणीशी मी पूर्ण सहमत होतो. माझ्या नात्यातल्या एका बाईला एका वाक्यात घराबाहेर काढलेलं मी पाहिलं होतं. पण त्यांच्या वाटेवर शेवटपर्यंत मला चालता येईना. ते श्रद्धेच्या बाहेर उभं राहून बोलत होते. मला श्रद्धा सोडायची नव्हती. मला ती समजून हवी होती. प्रश्न विचारायचे तर आधी दाराबाहेर जायला हवं का? आतल्या माणसाला विचारता येत नाहीत का? दलवाईंनी या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, आणि ते त्यांचं कामही नव्हतं. या बाबतीत असगर अली इंजिनिअर मला जवळचे वाटले, कारण कुरआन हातात धरूनच ते बाईचा हक्क मागत होते.

पत्ता बदलला

1990 साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. फक्रुद्दीन बेन्नूर, लातूरचे कवी फ. म. शहाजिंदे यांच्यासारखी माणसं त्या चळवळीत पुढे होती. धर्मानं मुसलमान, भाषेनं मराठी, आणि दोन्हींबद्दल संकोच नाही, ही भूमिका तिथून मोठ्यानं बोलली जाऊ लागली. अब्दुल कादर मुकादम मराठीत इस्लामवर लिहीत होते. सय्यदभाईंचं 'दगडावरची पेरणी' आलं, मेहरुन्निसा दलवाईंचं 'मी भरून पावले आहे' आलं. या पुस्तकांतल्या 'आपण'मध्ये पहिल्यांदा मी होतो.

दुसऱ्या बाजूनं धार्मिक संस्थांनीही मराठीकडे वळायला सुरुवात केली. कुरआनचे मराठी अनुवाद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. शाह अब्दुल कादिर यांचा उर्दू अनुवाद दिल्लीत 1790 च्या सुमाराला झाला होता, हे पाहता आपल्याकडे केवढा उशीर झाला ते कळतं. औरंगाबादच्या मौदुदींचं लेखन लाहोरमार्गे फिरून अखेर मराठीत परत आलं. ही पुस्तकं स्वस्त असतात, कधी फुकटही मिळतात. त्यांत उत्तरं भरपूर असतात; प्रश्नांना जागा कमी असते.

पहिल्यांदा संपूर्ण कुरआन मराठीत वाचला तेव्हा मी तिशी ओलांडली होती. रमजानचे तीस दिवस, रोज एक पारा. एका जाणकारानं मला बजावलं होतं, "मराठीत वाचून दीन कळत नसतो." त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. अनुवादात पठणाचा नाद जातो. काही आयती कुठल्या प्रसंगी उतरल्या हे कळल्याशिवाय अर्थाचा अनर्थ होतो. काही ठिकाणी मी अडलो, काही ठिकाणी अस्वस्थ झालो आणि अजूनही आहे. पण पैगंबरांना जी पहिली आज्ञा झाली असं आपण मानतो, त्या 'इक्रा' शब्दाचे दोन अर्थ होतात : पठण कर आणि वाच. अम्मीनं पहिला अर्थ जन्मभर पाळला. मी दुसरा पाळायला निघालो होतो. दोघांपैकी कुणी आज्ञा मोडली असं मला वाटत नाही.

पेटी

पंचेचाळिसाव्या वर्षी मी उर्दू शिकलो. उर्दू शाळेतल्या एका निवृत्त शिक्षकांकडून, पहिलीचं पुस्तक घेऊन, त्यांच्या नातवाच्या शेजारी बसून. वर्षभरानं दादांची पेटी माळ्यावरून उतरवली.

निम्मं वाळवीनं खाल्लं होतं. जमीन महसुलाच्या पावत्या, कचेरीच्या मसुद्यांची वही, दोन जुनी कॅलेंडरं. धर्माचं म्हणावं असं एकच पुस्तक होतं : मौलाना अशरफ अली थानवींचं 'बहिश्ती जेवर'. बाईनं आपला धर्म स्वतः वाचून समजून घ्यावा म्हणून लिहिलेलं हे पुस्तक तेव्हा मुलींना लग्नात देत. दादीला ते तिच्या लग्नात मिळालं होतं. तिला वाचता येत नव्हतं. मुखपृष्ठाच्या आतल्या कोऱ्या पानावर दादांच्या हातची यादी होती : तांब्याचा हंडा एक, पराती दोन, लुगडी चार. आतली पानं एकमेकांना चिकटलेली, बोट न लागलेली.

बराच वेळ मी ते घेऊन बसलो. चाळीस वर्षं मी ज्या ठेव्याच्या नावानं हळहळत होतो, तो असा होता. 1948 नं आमच्या घरातून लिपी नेली हे खरं. पण समजून वाचलेला धर्म नेला असं मी जे धरून बसलो होतो, ते खरं नव्हतं. तो या घरात आलाच नव्हता. दादा कचेरीचे कागद वाचत, दादी चिकटलेलं पुस्तक जपे, अम्मी अर्थाशिवाय पठण करे. धर्मावरचं पुस्तक उघडून, अडत, रागावत वाचणारा या घरातला पहिला माणूस मी. आणि मला ते वाचता आलं ते मराठीमुळे. गुरुजी, पगडी, विनोबा, कुरुंदकर, दलवाई यांच्यापैकी कुणीही मला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं नव्हतं. तरी घरात जे पुस्तक खास आमच्यासाठी म्हणून आलं होतं ते बंद राहिलं, आणि परक्या पत्त्यावर लिहिलेली मी उघडली.

म्हणून आता माझी तक्रार वेगळी आहे. मराठीत इस्लामवर पुस्तकं कमी नाहीत. शेजाऱ्याला समजावणारी आहेत, समाजाला झोडणारी आहेत, बचाव करणारी आहेत, प्रचार करणारी आहेत. पण नमाज पढणाऱ्या आणि तरीही रात्री झोप न येणाऱ्या मराठी मुसलमान मुलीच्या हातात, उत्तराची घाई न करणारं असं कोणतं पुस्तक द्यावं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. माझी मुलगी नांदेडला शिकते. गेल्या रमजानमध्ये तिनं मला फोनवर वारसाहक्कातल्या बहिणीच्या वाट्याबद्दल असं काही विचारलं की मी दोन दिवस पुस्तकं धुंडाळत होतो. शेवटी तिला सहा पुस्तकांची नावं सांगितली आणि म्हटलं, "यातल्या प्रत्येकात थोडं थोडं आहे. पूर्ण कशातच नाही."

ती म्हणाली, "मग अब्बा, तुम्हीच लिहा ना."

ते वाचनालय अजून आहे. मागच्या महिन्यात गेलो होतो. कपाट लोखंडी झालंय, चिठ्ठी संगणकावर छापलेली आहे; शब्द तेच. इस्लामवरची पुस्तकं मोजली, सतरा होती. पगडींच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर तारखांचे शिक्के पाहिले. पहिल्या चारांतले तीन माझे होते. त्यानंतर मात्र बरेच शिक्के होते, आणि त्यांतला एकही माझा नव्हता.